इस्रायल की भारत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, हे कळलं की थोड्या वेळाने प्रश्न येतोच. "मग तुम्ही इस्रायलला का नाही गेलात?" आणि पाठोपाठ, जरा आवाज उतरवून, "पण मनातून तुमचा देश कोणता?" विचारणारे बहुतेक आपुलकीनेच विचारतात. तरी हे उभ्याउभ्या सांगून संपणारं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही रेवदंड्याचे. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि आम्ही त्यांचे वंशज. बुडालेल्यांना नवगावात पुरलं, तिथे आज स्मारक आहे. वाचलेले तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. आडनावं गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर. हिब्रू विसरली, पोथ्या बुडालेल्या, उरली ती 'शेमा' ही एक प्रार्थना, सुंता आणि शनिवार. मग दाविद राहाबी नावाचा परदेशी ज्यू आला. हे खरोखर ज्यूच आहेत का, हे पाहायला त्याने आमच्या बायकांपुढे सगळी मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर नसलेली, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेली, वेगळी काढली, ही आम्ही शिजवत नाही म्हणाल्या, आणि त्याची खात्री पटली. ही दंतकथा असेल. पण लहानपणापासून ती ऐकताना मला एक गोष्ट कळत गेली की आपण कोण हे आपल्याला पुरेसं ठाऊक असलं तरी कुणीतरी येऊन तपासतंच.

इस्रायल 1948 साली झालं तेव्हा भारतात आमचे लोक 20,000 च्या आसपास होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गेले. इथून कुणी हाकललं नव्हतं, हे मी ठासून सांगते, कारण युरोपातल्या नि अरब देशांतल्या ज्यूंना असं म्हणता येत नाही. श्रद्धेपोटी गेले, नोकरीसाठी गेले, आधी गेलेल्या भावाबहिणींपाठी गेले. माझे काका इस्रायलमधल्या डिमोनाला गेले. तिथे त्यांना पुन्हा तपासणी लागली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, त्यांत ज्यू नसलेलं कुणी आहे का पाहावं. ज्या ओळखीसाठी माणसं वाडी विकून गेली, तीच दारात अडवली गेली. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. तोवर एका पिढीच्या मनाला चरा पडून गेला होता. काकांची नातवंडं आज तिथल्या सैन्यात असतात. तरीही शेजारीपाजारी त्यांना भारतवाले म्हणूनच ओळखतात, आणि काकू फोनवर अजून नवगावच्या मराठीतच बोलते.

आम्ही का राहिलो याचं उत्तर साधं आहे. वडील शाळेत मास्तर होते, वाडीत नारळ-सुपारी होती, आणि आईला इथून हलायचं नव्हतं. ती यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय काढून दाखवायची. बाबिलोनला धरून नेलेल्या ज्यूंना त्याने पत्र लिहिलं आहे: घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, आणि ज्या नगरात जाऊन पडलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. कैदी म्हणून नेलेल्यांना जर हे सांगितलं, तर आपल्याला तर इथे कुणी कैद केलेलं नाही, असं आई म्हणायची. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, ज्या देशात राहतो त्या देशाच्या राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना म्हणायची रीत जगभर आहे. यहुदी असणं आणि भारतीय असणं यांत माझी कधीच ओढाताण झाली नाही, ती या शिकवणीमुळे. भारताने 1950 मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पण दूतावासापर्यंत संबंध जायला 1992 उजाडलं. मधल्या त्या सगळ्या वर्षांत आमच्यातले बेंजामिन सॅमसन भारतीय नौदलात रिअर अ‍ॅडमिरल झाले, डॉ. जेरुशा झिराड यांना 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. ही नावं मी अभिमानाने घेते. पण दाखला म्हणून पुढे करायला मला आवडत नाही, कारण दाखला मागणाऱ्याला मग दुसरा लागतो.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

आमच्या शेजारी एक कोकणी मुसलमान कुटुंब आहे. चाचा जन्मभर बोटीवर होते, मुलगे कुवेतला. त्यांचंही आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. पूर्वज समुद्रानेच आले, असं त्यांच्यातही सांगतात. डुक्कर त्यांना वर्ज्य, आम्हालाही, म्हणून चाची आमच्याकडे निर्धास्त जेवतात. मटण आम्ही नारळाच्या रसात करतो, मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून, आणि ते त्यांना फार आवडतं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने करतो त्या मलिद्याचं ताट, पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं, आधी त्यांच्याकडे जातं. चाचा मला अजून "बाय" म्हणून हाक मारतात.

त्यांनाही तोच प्रश्न विचारतात. फक्त आवाज वेगळा असतो. मला विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर कुतूहल असतं, माझं उत्तर काहीही आलं तरी त्यांचं काही बिघडणार नसतं. चाचांना विचारतात तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं. पाकिस्तानशी क्रिकेटचा सामना असला की चाचा त्या दिवशी नाक्यावर चहाला जात नाहीत. गेले आणि टाळ्या वाजवल्या, तर मुद्दाम वाजवल्या म्हणतात. नाही वाजवल्या, तर का नाही म्हणतात. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात ज्यू मारले गेले. तेव्हा मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने त्या हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. त्या आठवड्यात चाचा आमच्या ओटीवर येऊन नुसते बसून राहिले होते. मला त्यांच्याकडून काहीच ऐकायचं नव्हतं. तरी त्यांना वाटलं की आपण काहीतरी बोलायला हवं. कशासाठी वाटावं एका म्हाताऱ्या खलाशाला?

तिकडे युद्ध पेटलं की मला ओळखीचे लोक अभिनंदनाचे मेसेज पाठवतात. माझी चुलत भावंडं तेव्हा सायरन ऐकून तळघरात पळत असतात, त्यांच्या काळजीने मला झोप नसते. त्या मेसेजांत माझ्याबद्दल प्रेम थोडं आणि चाचांबद्दल राग जास्त असतो. आम्ही साऱ्या देशात जेमतेम 5,000 उरलो आहोत. इतक्या थोड्या माणसांची भीती कुणाला वाटत नाही, म्हणून आमचं कौतुक होतं. ज्यांच्या पूर्वजांची युरोपात पिढ्यान्‌पिढ्या देशद्रोही म्हणून झडती झाली, त्यांच्या धर्मातल्या बाईला हे कौतुक घशाखाली उतरत नाही.

या किनाऱ्याकडे बघा ना. कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईत ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. त्याच्या खाली मुरूडला हबशी वंशाच्या सिद्दींनी 1948 पर्यंत राज्य केलं. रेवदंड्यात आमचं सिनेगॉग, चौलला देवळं आणि मशिदी. सणाला प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष आता गावात भरत नाहीत, मुंबई-ठाण्याहून येतात तेव्हा भरतात. त्यांच्या गाड्या लावायला चाचा वाडीचं फाटक उघडून ठेवतात.

तर माझं उत्तर भारत. डिमोना माझ्या नातलगांचं गाव, जेरुसलेम माझ्या प्रार्थनेतलं शहर, आणि देश हा. हे मी एकदा लिहून दिलं. यापुढे मात्र एखाद्या समारंभात मला कुणी हसून विचारलं, आणि शेजारी चाचा उभे असले, तर मी उत्तर देणार नाही.