जोडीदाराच्या करथकबाकीतून सुटका आणि न्यायालयाची भूमिका

अमेरिकेत पती-पत्नीने संयुक्त विवरणपत्र भरले की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवरही येते. तेथील अनेक मराठी कुटुंबांतही सही करताना याचा फारसा विचार होत नसावा.

1998 मध्ये अमेरिकी करसंहितेत आलेल्या कलम 6015 ने निर्दोष जोडीदाराला या जबाबदारीतून सुटकेचे तीन मार्ग दिले. त्यांपैकी दोहोंना कायद्यानेच दोन वर्षांची मुदत घातली; न्यायबुद्धीवर आधारलेल्या तिसऱ्याला मात्र नाही. करखात्याच्या नियमांनी ती तिथेही लावली. एका दंतवैद्याच्या पत्नीने सुटकेचा फॉर्म पाठवण्याचे काम पतीकडे सोपवले होते. तो न पाठवताच त्याचा मृत्यू झाला आणि मुदत टळली. तिच्या प्रकरणात 2009 मध्ये कर न्यायालयाने हा नियम अवैध ठरवला, पण 2010 मध्ये सातव्या सर्किटच्या (संघीय न्यायक्षेत्राच्या) अपील न्यायालयाने, कायदा मौन असेल तेथे खात्याचा अर्थ मानावा या तेव्हाच्या तत्त्वाने, तो उचलून धरला. मला हा निकाल पटत नाही, कारण जिथे मुदत हवी तिथे संसदेने ती स्पष्ट लिहिली होती. 2011 मध्ये खात्याने स्वतःच ही अट मागे घेतली. 2019 च्या कायद्याने करवसुलीची मुदत संपेपर्यंत अर्जाची मुभा दिली आणि कर न्यायालयाने अशा प्रकरणाचा, खात्याच्या निर्णयाला बांधील न राहता, नव्याने निवाडा करावा, हेही स्पष्ट केले.