ओपनस्ट्रीटमॅपवर कोल्हापूर: रोज थोडं, आठवड्याला जरा जास्त

ओपन सोर्सला, म्हणजे सगळ्यांनी मिळून उभारलेल्या खुल्या प्रकल्पांना, हातभार लावायचा तर प्रोग्रॅमिंग आलंच पाहिजे, असं समजून बरीच हुशार मंडळी लांब राहतात. मी कोडला क्वचितच हात लावतो. माझं बहुतेक काम ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. 2004 पासूनचा हा नकाशा खातं उघडून कुणालाही दुरुस्त करता येतो.

रोजचं काम फोनवर. अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट ॲप तुम्ही उभे असाल तिथले प्रश्न विचारतं: रस्ता डांबरी की काँक्रीटचा, दिवे आहेत का, इमारत किती मजली? कपिलतीर्थ मार्केटला भाजी आणायला गेलं की जाता-येता चार-पाच उत्तरं होऊन जातात. मजल्यांत मात्र लोक हमखास चुकतात. तिथे तळमजलाही मोजायचा असतो, म्हणजे तळमजला आणि वर दोन मजले असतील तर उत्तर 3. गच्चीवर पत्रे टाकून केलेला आडोसा मोजायचा नाही.

आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर बसतो. ब्राउझरमध्ये चालणारा आयडी एडिटर नवख्यांना पुरतो. उपग्रह चित्रावर राहिलेला बोळ आखायचा, पण खरी मेख जोडात आहे. बोळाची रेघ मुख्य रस्त्याला नुसती टेकलेली दिसली तरी दोघांचा बिंदू एकच नसेल, तर मार्ग शोधणाऱ्या ॲपच्या लेखी तो बोळ तुटलेला. मग राजारामपुरीत शेजारच्या गल्लीत जायलाही ते गावभर वळसा घालायला लावतं. सेव्ह करण्याआधी एडिटर इशारे देतो, ते वाचायचे. उलट, पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता चुकूनही एका बिंदूत जोडायचे नाहीत.

चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं. आधी जीपीएसच्या नोंदींशी ताडून बघायचं आणि सरकलं असेल तर चित्र हलवायचं, रस्ते नव्हे. नाहीतर तुम्ही सगळी पेठ पूर्वेला ढकलता आणि दुसरं चित्र लावलेला माणूस ती परत पश्चिमेला आणतो. पेठांतली घरं भिंतीला भिंत लावून असतात, छपरांवरून हद्द कळत नाही. तिथे अंदाजपंचे घरांच्या हद्दी आखण्यापेक्षा दुकानाचा नुसता बिंदू टाकलेला बरा.

नावं पाटीवरून घ्यायची. गुगल मॅपवरून उतरवलेलं काहीही चालत नाही. परवान्याचा प्रश्न आहे, सापडलं की काढून टाकतात. देवनागरी नाव मराठीच्या वेगळ्या रकान्यात लिहायचं. मुख्य रकान्यात तिरकी रेघ मारून दोन भाषा कोंबायच्या नाहीत.

पावसाळ्यातला मोह वेगळा. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं की रस्ता बंद दाखवावासा वाटतो. पण लोकांच्या फोनमधले ऑफलाइन नकाशे उशिरा अपडेट होतात. पाणी ओसरल्यावरही त्यांना रस्ता बंदच दिसत राहील. दरवर्षी बुडणाऱ्या रस्त्याला ‘पूरप्रवण’ टॅग, म्हणजे गुणधर्माची नोंद, लावावा, तो कायम खरा असतो.

एका चेंजसेटमध्ये, म्हणजे एकत्र सेव्ह केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, एकच भाग घ्यावा. कोल्हापूर आणि पुणे एकत्र सेव्ह केलं, तर त्याची चौकट मधला सगळा पट्टा व्यापते आणि तपासणाऱ्याला काही उमगत नाही. टिप्पणीत ‘अपडेट’ असं मोघम नको. ‘शाहूपुरीत दोन दवाखाने, प्रत्यक्ष पाहून’ एवढं तरी हवं. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यावं. गप्प राहिलात तर बदल उलटवला जाऊ शकतो.

सगळे एका दिवशी जमून गावच्या गाव आखतात, फोटो काढतात, ते मला फारसं पटत नाही. दुकानं बदलतात, एकेरी वाहतूक बदलते, मग बघायला कुणी नसतं. ज्या चार गल्ल्यांतून रोजचं येणं-जाणं आहे, तेवढ्या धराव्यात.

भाषांतर महिन्यातून कधीतरी. ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटची वाक्यं ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या साइटवर असतात. टक्केचिन्ह आणि महिरपी कंसातला शब्द भाषांतरित न करता जसाच्या तसा ठेवायचा, कारण त्या जागी प्रोग्रॅम नाव किंवा आकडा भरतो. बग कळवणं त्याहून क्वचित. त्यात ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल आणि काय-काय दाबल्यावर बिघडलं तो क्रम द्यायचा. ‘चालत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.