आमची वाटचाल: होजपासून फिल्टरपर्यंत

आमचा गाळा भांडुपला. सुरुवात हायड्रॉलिक होज (दाबाखालचं तेल नेणारे रबरी पाइप) क्रिम्प करून, म्हणजे टोकांना फिटिंग दाबून बसवून देण्यापासून झाली. नागदेवी स्ट्रीटवरून फिटिंग, ओ-रिंग, तांब्याचे वॉशर आणायचे आणि मापाने होज बनवून द्यायचे. पुढे वसईचे भाजीवाले, घोलवडचे चिकू बागायतदार आणि मैदानं राखणारे ठेकेदार छोटे ट्रॅक्टर घेऊ लागले, तशी हायड्रॉलिक तेलाच्या फिल्टरबद्दल एकच तक्रार वाढली: "फिल्टर बदलला आणि गळायला लागलं." आज आमचं निम्मं काम याच तक्रारीभोवती आहे.

बहुतेक वेळा नवा फिल्टर चांगलाच असतो. जुन्याचं रबर हेडला, म्हणजे फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात त्या भागाला, चिकटून राहतं आणि त्यावरच नवा चढवला जातो. दोन रबरं एकमेकांवर टिकत नाहीत. दाब आला की सरकतात आणि तेल बाहेर येतं. म्हणून जुना फिल्टर उतरला की आधी त्याच्या तोंडावर रबर आहे का ते बघायचं. नसेल तर ते हेडवरच आहे. हेड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट नको.

या ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअरचं आणि लिफ्टचं (मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचं) तेल एकच असतं, आणि फिल्टर तेलाच्या पातळीखाली. त्यामुळे लिफ्ट खाली टेकवून, इंजिन बंद करून आधी तेल काढावं. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घाला. एकदा दबलेला तांबा कडक होतो.

नव्या फिल्टरच्या रबराला ताज्या तेलाचं बोट लावा. हाताने फिरवत रबर हेडला टेकेपर्यंत न्या, मग फिल्टरवर छापलं असेल तेवढं, साधारण पाऊण फेरा. पाना फक्त काढायला. जास्त आवळलं तर रबर चिरडतं. सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप अजिबात नको, त्याचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

आट्यांकडे आमचं विशेष लक्ष असतं. पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांच्या स्टडवर (हेडच्या आटेदार दांड्यावर) २० मिमी, १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) फिल्टर चढतो, पण सैल बसतो. १९.०५ आणि २० मिमीमधला हा फरक डोळ्यांना कळत नाही, दाब आल्यावर कळतो. फिल्टर उडूही शकतो. म्हणून नुसतं रबराचं माप जुळलं तर आम्ही फिल्टर देत नाही.

सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूची गळती याहून फसवी, कारण बाहेर थेंबही दिसत नाही. पंप हवा ओढतो, किरकिरतो, लिफ्ट झटके देते आणि तेल दुधाळ होतं. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी शिरूनही तेल असंच दिसतं. ओळखायचं कसं? तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. फेस विरून तेल साफ झालं तर हवा. धुरकटच राहिलं तर पाणी.

तेल भरल्यावर आयडलवर काही मिनिटं चालवा, लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. नवा फिल्टर तेल पितो, म्हणून बंद करून डिपस्टिक पुन्हा बघा आणि भर घाला. तेल गरम झाल्यावर फिल्टरच्या कडेभोवती कोरडा कागद फिरवा. डाग उठला तर गळती आहे.

फिल्टर, तांब्याचा वॉशर आणि गरजेप्रमाणे ओ-रिंग असं किट आम्ही ट्रॅक्टरच्या मॉडेलनुसार बांधून देतो. येताना जुना फिल्टर सोबत आणा.