मीठ धुऊन गेल्यावर : मॉरिस मायनरमधून हिवाळ्यातले दोन दिवस

तीन आठवडे मी रोज रस्त्याकडे बघत होतो. बर्फ कधीच वितळलं होतं, पण रस्ता गोठू नये म्हणून डांबरावर टाकलेल्या मिठाचा पांढुरका पापुद्रा तसाच होता. मग सलग दोन दिवस दणकून पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, दुपारपर्यंत रस्ता काळाभोर आणि कोरडा झाला, आणि मी भाच्याला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी सातला जुनी मॉरिस मोटार घेऊन निघू या.

हिवाळ्यात जुनी गाडी बाहेर काढायची असेल तर दिवस असाच निवडा. थंडीने गाडी खराब होत नाही, मिठाने होते. मिठाचं पाणी सिल्समध्ये (दारांखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये), स्प्रिंगच्या टोकांजवळ, चाकांच्या कमानीत वरच्या बाजूला जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. नुसतं बर्फ वितळलं म्हणून निघू नका, एक चांगला पाऊस पडून जाऊ द्या. पापुद्रा दिसत नसला तरी खात्री करायची असेल तर बोट ओलं करून रस्त्याच्या कडेवर घासा. सुकल्यावर बोट पांढरं दिसलं तर आणखी थांबा.

गाडी १९६५ ची मॉरिस मायनर १०००. १०९८ सीसीचं इंजिन, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा एकच एसयू बनावटीचा कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनॅमो. बेत दोन दिवसांचा होता: जाताना नदीकाठाने आणि मग घाटातून, पलीकडे तळ्याकाठी मुक्काम, येताना सपाटीवरचा लांबचा रस्ता. एकूण ३४० किलोमीटर.

निघण्यापूर्वी मी भाच्याला ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय जमली होती, बोटाने खरवडून काढावी इतकी जाड. तो घाबरला. "मामा, हेड गॅस्केट गेलं का?" हे गॅस्केट इंजिनातलं पाणी आणि तेल वेगळं ठेवतं, ते गेलं तर अशीच साय दिसते. पण आमचं गॅस्केट शाबूत होतं. रेडिएटरची पातळी महिनाभर जागची हलली नव्हती आणि पाण्यात तेलाचा तवंग नव्हता. ती साय माझ्याच चुकीची होती. महिनाभर दर रविवारी गॅरेजमध्येच गाडी सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करायची, असं मी करत होतो. गाडी "जिवंत राहावी" म्हणून बरेच जण हेच करतात, आणि ते सोडून द्या असं मी अगदी कळकळीने सांगेन.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन एक्झॉस्टमधून निघून जातं. थंड इंजिनात त्यातलं काही पिस्टनच्या कडेने खाली उतरतं आणि तेलात मिसळतं, बाकीचं सायलेन्सरच्या पोटात साचून त्याला आतून गंज लावतं. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक ओढलेला असल्याने ते पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली जातं. त्यात उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही, म्हणजे स्टार्टरने बॅटरीतून जे काढलं ते परत भरलं जात नाही. गाडी एक तर नीट पळवा, नाही तर नीट झोपवा. मधला मार्ग तिला सर्वांत महाग पडतो.

नीट पळवणं म्हणजे किती? हीटरमधून गरम हवा आली की पाणी तापलं असं समजायचं, पण तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. माझा हिशेब सलग पाऊण तासाचा. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी आता मी किल्लीला हात लावत नाही.

सकाळी बाहेर शून्याखाली दोन अंश होतं. चोक पूर्ण ओढला, क्लच दाबला म्हणजे स्टार्टरला गिअरबॉक्समधलं घट्ट तेल घुसळावं लागत नाही, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घेतला. एसयू कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप (पाय मारला की जादा पेट्रोल सोडणारा) नसतो, त्यामुळे सुरू करण्याआधी पाय मारत बसून काही उपयोग नाही. चौथ्या फेऱ्याला इंजिन लागलं. तेलाचा दिवा विझला, अर्धा मिनिट थांबलो आणि हलक्या पायाने निघालो. उभ्याने गरम करण्यापेक्षा हळू चालवत गरम केलेलं इंजिन लवकर तापतं, आणि चोकही लवकर आत ढकलता येतो.

नदीकाठचे पहिले ७० किलोमीटर म्हणजे हिवाळ्यात जुनी गाडी का चालवायची याचं उत्तर होतं. उन्हाळ्यात चढावर ज्या गाडीच्या तापमानाच्या काट्याकडे सतत डोळा ठेवावा लागतो, ती थंड घट्ट हवेत मोकळा श्वास घेत होती. उन्हं तिरपी, जवळजवळ आडवी येत होती आणि बॉनेटच्या मधोमध असलेली उंच सपाट पट्टी उजळली होती. भाच्याने विचारलं, ही पट्टी कशासाठी? तिची गोष्ट मला फार आवडते. गाडीचे डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांनी तिचा नमुना तयार केल्यावर तो त्यांना अरुंद वाटला. त्यांनी तो उभा कापून घेतला, दोन भाग दूर सरकवून पाहिले, आणि चार इंचांवर प्रमाण जमलं असं त्यांचं मत झालं. १९४८ मध्ये गाडी बाजारात आली ती ही चार इंचांची भर कपाळावर घेऊन.

तिरप्या उन्हाबद्दल एक सूचना: काच आतून धुऊन निघा. जुन्या गाडीत हीटरमधून येणारी वाफ आणि धूळ काचेवर एक चिकट थर धरते, एरवी तो दिसत नाही. समोरून ऊन आलं की मात्र काचेपलीकडचं काही दिसत नाही. आमचं तसं झालं आणि पहिल्या वळणानंतरच थांबून कापड काढावं लागलं.

घाट सुरू झाला तसं धुकं लागलं. थर्मामीटर चार अंश दाखवत होता, म्हणजे सकाळपेक्षा हवा गरमच होती. अर्ध्या चढावर इंजिनाने धाप टाकली. पाय दाबला तर आणखी दबलं, सोडला तर आयडलिंगच राहिना, आणि एका वळणापुढच्या रुंद जागेत ते शांतपणे बंद पडलं.

"मामा, पेट्रोल संपलं?"

टाकी भरलेली होती. इग्निशन चालू करून पेट्रोलपंपाची टिकटिक ऐकली. चार-पाच ठोके देऊन पंप थांबला, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचा कप्पा, फ्लोट चेंबर, भरलेला होता. बॉनेट उघडलं आणि कारण डोळ्यांसमोर होतं. कार्बोरेटरच्या पोटावर, इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला (मॅनिफोल्डला) जोडतो त्या बाजूला, पांढरं शुभ्र दव गोठलेलं होतं. भाच्याने बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. हाताच्या दोन वितींवर गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, आणि इथे बर्फ!

पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते आणि कार्बोरेटरच्या गळ्यातलं तापमान पंधरा-वीस अंशांनी खाली जाऊ शकतं. हवा दमट असेल तर त्यातलं पाणी थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या, चकतीभोवती गोठतं आणि हवेची वाटच बंद होते. म्हणून हा त्रास कडाक्याच्या थंडीत कमी, आणि शून्य ते दहा अंशांमधल्या धुक्यात जास्त होतो. अगदी थंड हवेत गोठायला पुरेसं पाणीच नसतं. यातली फसवी गोष्ट अशी की दहा मिनिटं थांबलं की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतं, गाडी काही न करता सुरू होते, आणि माणूस पुढचे कित्येक आठवडे पंप, कॉइल, कंडेन्सर बदलत बसतो. तुमची गाडी दमट थंडीत बंद पडून स्वतःहून सुरू होत असेल तर काहीही विकत घेण्याआधी बॉनेट उघडून कार्बोरेटरला हात लावून बघा.

उपाय गाडीतच असतो. माझ्या एअर क्लीनरची सोंड फिरवता येते: उन्हाळ्यात थंड हवेकडे, हिवाळ्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ. ऑक्टोबरमध्ये ती फिरवायची राहून गेली होती. विंग नट सैल केला, सोंड मॅनिफोल्डकडे वळवली, नट आवळला. पाव तासाने निघालो आणि त्याच धुक्यातून माथ्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. निघण्याच्या तयारीत ही गोष्ट सर्वांत वर लिहा. ज्या गाड्यांना अशी सोय नसते त्यांना मॅनिफोल्डपासून एअर क्लीनरपर्यंत गरम हवेचा होज लावता येतो.

धुक्यात हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा तिन्ही चालू होते. माझा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही वेग असेल तेव्हा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेंगाळत गेलं तर इंजिनही घुसमटतं आणि बॅटरीही उतरते, म्हणून मी एक गिअर खालीच राहतो आणि काच साफ झाली की पंखा बंद करतो.

मुक्कामाला गाडी उघड्यावर होती आणि रात्री पारा उणे सहापर्यंत जाणार होता. पोचण्याआधीच्या शेवटच्या किलोमीटरवर मी ब्रेक हलके दाबून धरले, म्हणजे ड्रममधलं पाणी सुकतं. उभी केल्यावर हँडब्रेक लावला नाही. ब्रेकचे ओले शूज ड्रमला रात्रीत चिकटतात, कधी गोठून तर कधी गंजून. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकांना मागून पुढून लाकडी ठोकळे. दाराच्या रबरांना मी निघण्याआधी सिलिकॉन लावलं होतं. सकाळी शेजारच्या गाडीचं दार रबरासकट ओढलं जात होतं, आमचं नेहमीसारखं उघडलं.

रेडिएटरमधल्या कूलंटची काळजी नव्हती. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली गोठतं. नुसतं ग्लायकॉल भरलं तर आणखी चांगलं असं समजू नका, ते उणे तेराच्या आसपासच गोठतं. दर दोन वर्षांनी बदला, कारण गोठण्यापासूनचं संरक्षण टिकलं तरी गंज रोखणारी द्रव्यं संपतात. बॅटरीचंही तसंच: पूर्ण भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आतच गोठून फुटू शकते. सकाळी मीटरने मोजलं तेव्हा १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ठीक. आणखी एक गोष्ट जुन्या ब्रिटिश गाड्या बाळगणाऱ्यांसाठी: माझ्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. वाटेत कुणी मदतीला आलं आणि सवयीने काळी वायर बॉडीला लावली तर शॉर्ट होईल. बॉनेटच्या आत मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवा.

परतीच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लांब, सरळ, थोडा कंटाळवाणा, पण तेल मनसोक्त तापायला उत्तम. गाडी ताशी ७०-७५ किलोमीटरवर सुखात गुणगुणत होती. भाच्याने अर्धा रस्ता चालवली, आणि गिअर खाली आणताना इंजिनाचा वेग कसा जुळवायचा ते त्याच्या पायाला कळलं तो क्षण मला दिसला.

घरी आल्यावरचा एक तास प्रवासाइतकाच महत्त्वाचा. आधी गाडीचं पोट धुवा: नळाचा साधा प्रवाह, खालून वर, कमानींच्या कडा, स्प्रिंगचे हँगर, जॅक लावायच्या जागा. जोराचा फवारा ग्रीसच्या सांध्यांवर मारू नका. दारांच्या आणि सिल्सच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. मग गाडी वाऱ्यावर सुकू द्या. ओली गाडी बंद, उबदार गॅरेजमध्ये ढकलून वर प्लॅस्टिक टाकणं यासारखं वाईट काही नाही. गंजाला ओल आणि ऊब दोन्ही मिळतात. कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचंच हवं.

त्यानंतर ग्रीसगन. मायनरच्या पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यांवर वळतं ते सांधे, सुकले तर एक दिवस चाकच आत दुमडतं, त्यामुळे इथे मी चालढकल करत नाही. गन दाबली तसं आधी राखाडी, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर आलं, मग तपकिरी, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत दाबत राहायचं. गाडी आता काही दिवस उभीच राहणार म्हणून टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच पीएसआय जास्त हवा भरली, टाकी काठोकाठ भरून आणली होतीच, बॅटरीला देखभालीचा चार्जर लावला.

शेवटी भाच्याने स्वतःहून ऑइलचं झाकण उघडलं आणि दिव्याखाली धरलं. साय गेली होती. आतल्या पत्र्यावर तेलाचा पातळ, मधासारखा तपकिरी थर होता, कडेच्या एका खाचेत तेवढा पांढरा ठिपका उरला होता. त्याने तो कापडाने पुसला, झाकण बसवलं आणि विचारलं, "पुढचा पाऊस कधी आहे?"