दसरा काढायचा, पण ऊन?

दुपारी साडेतीनच्या सुमाराला ऊन पडलं. नुसतं उजाडल्यासारखं नाही, चांगलं पाठीला चटका देणारं. बघता बघता समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गोधड्या, सोलापुरी चादरी, ब्लँकेटं, उशांचे अभ्रे आणि कुणाचा तरी रेनकोट असा सगळा संसार येऊन पडला. घट बसायला आठवडा राहिलाय. या दिवसांत साताऱ्यात बायका एकमेकींना ‘कशी आहेस’ विचारत नाहीत, ‘दसरा काढला का?’ विचारतात.

ज्यांच्या घरी दसरा काढतात त्यांना तो काय असतो ते सांगायला नको. आणि ज्यांच्याकडं काढत नाहीत त्यांना सांगूनही पटायचं नाही, की वर्षभर ट्रंकेतून बाहेरसुद्धा न आलेलं कापड ओलं करून वाळवल्याशिवाय देवीला घरात पाऊल टाकता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा रिवाज ज्यानं कुणी पाडला तो माणूस डोंगरातला नव्हता. डोंगरातला असता तर त्यानं हे काम सरळ माघात ठेवलं असतं.

माझं आजोळ महाबळेश्वर तालुक्यात, तापोळ्याकडं उतरणाऱ्या रस्त्याला डोंगराच्या अंगावर. वडिलांचं गाव माणमध्ये, दहिवडीच्या पुढं. जिल्हा एकच, कलेक्टर एकच, शाळेच्या सुट्ट्याही एकच. पाऊस तेवढा एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटर आणि माणला ५०० धरा. आजोळी ओढा दारातनं वाहायचा, धुवायला पाणी म्हणाल तर नको म्हणेपर्यंत. माणात आत्या गोधड्यांची गाठोडी बांधून, कुणाच्या विहिरीला पाणी आहे त्याची चौकशी करत बसायची. पाणी मिळालं की गोधडी दुपारच्या जेवणाच्या आत खडखडीत वाळलेली. म्हणजे एका घरी पाण्याची वाट बघत गोधड्या कोरड्या पडलेल्या, आणि दुसऱ्या घरी उन्हाची वाट बघत ओल्या. आई-वडिलांचं लग्न जुळवताना एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं बघितलं होतं, असं आई म्हणायची.

सहामाही परीक्षेच्या आधी चार दिवस मिळाले की आम्ही आजोळी जायचो. गणपती गेलेले असायचे, पण भिंतीवर मखराच्या खुणा असायच्या आणि सगळ्या घराला ओल्या पोत्याचा वास. चार महिने सूर्य न बघितलेल्या घरात चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी येते, आगपेटी ओढून ओढून गुल निघून जातो, मीठ बरणीत पाझरतं. आजी आगपेटी कनवटीला लावून ठेवायची, अंगाच्या उबेनं कोरडी राहावी म्हणून.

आणि मग एखाद्या सकाळी आभाळ फाटायचं. पलीकडचा डोंगर झाडा-झाडासकट दिसायला लागायचा आणि कोयनेच्या खोऱ्यात खाली शिवसागराचं पाणी चमकायचं. आजी अंगणात उभी राहून आधी मावळतीकडं बघायची, मग उगवतीकडं, मग एकदम ओरडायची, “काढा गं गोधड्या!” पुढचा तासभर घरात युद्ध. मावशी आणि मी दोन टोकं धरून गोधडी पिळायचो. ओली गोधडी उचलणं म्हणजे बसलेल्या म्हशीला उठवणं. ती आपल्या मर्जीनंच हलते. दोरीचा तर प्रश्नच नव्हता, दोरी तुटायची. दगडी बांधावर, कुंपणावर, गोठ्याच्या पत्र्यावर जिथं जागा मिळेल तिथं पसरायच्या आणि राखण करत बसायचं. कशापासून राखण? धुक्यापासून. दुपार कलली की खोऱ्यातनं धुकं वर चढायला लागायचं. आधी खालची वाडी जायची, मग वाटेवरचा आंबा, मग गोठा. गोठा दिसेनासा व्हायच्या आत गोधड्या घरात आल्या पाहिजेत. येताना त्या सकाळपेक्षा थोड्याच हलक्या असायच्या.

मग रात्री त्या चुलीवरच्या बांबूवर चढायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाळायच्या, पण तोवर त्यांना धूर असा लागायचा, की पुढचं वर्षभर मामाकडची गोधडी डोळे मिटून ओळखावी. धुतली होती कशाला, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, “दसरा काढला का न्हाय, एवढंच देवी बगती. वास न्हाय घेत.”

एका वर्षी सलग झड लागली आणि घट तर तोंडावर आलेले. तेव्हा मामा पिळलेल्या गोधड्यांचं बोचकं एसटीत टाकून थेट साताऱ्याला आमच्या गच्चीवर वाळवायला घेऊन आला. मेढ्यापर्यंत त्यातनं पाणी गळत होतं म्हणे. कंडक्टरनं लगेज लावलं. मामाचं म्हणणं, पाण्याचं वजन धरू नका, ते आमचं नाही. यावर बरीच चर्चा झाली आणि निम्मी गाडी मामाच्या बाजूनं होती.

आजोबांचा भरवसा पंचांगावर. सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा वाहन काय आहे ते वाचून दाखवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला तर पाऊस जोराचा. मोर, गाढव, उंदीर असला तर मध्यम. कोल्हा आणि मेंढा निघाले की ओढ. आणि घोडा निघाला तर पाऊस डोंगरात. हे घोड्याचं आमच्याकडं कुणी मनावर घ्यायचं नाही. डोंगरात काय, कोल्ह्यावर बसूनही पाऊस यायचाच. उत्तरा नक्षत्र संपून २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त लागतं, त्याला सगळे हत्तीच म्हणतात. तिकडं साताऱ्यात शाळेत पाटावर हत्ती काढून पोरींचा हादगा सुरू होतो, खिरापत ओळखायची धांदल उडते, आणि इकडं हत्ती खरोखरच येतो. पावसाळाभर पाऊस मावळतीकडनं, समुद्रावरनं आलेला असतो. हत्तीचा मात्र उगवतीकडनं येतो. सकाळ स्वच्छ, दुपारी घाम, चारला ढग चढायला लागतात आणि पाचला कडकडाट. म्हणून आजी दोन्ही दिशांना बघायची. एका बाजूनं धुकं, दुसऱ्या बाजूनं हत्ती, मध्ये गोधडी.

याच महिन्यात साताऱ्यात परगावच्या गाड्या भरभरून येतात आणि ओळखीपाळखीचे सगळे विचारतात, “कासला जाऊन आलात का?” मला हा प्रश्न आवडत नाही. कास वाईट आहे असं नाही. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत एवढं काही उगवतं ही गंमतच आहे. त्या मातीत अन्न पुरत नाही म्हणून सीतेची आसवं ही एवढीशी निळी-जांभळी फुलं मुळापाशी बारीक फुगे ठेवून किडे धरून खातात. नाव सीतेचं आणि जेवण असलं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेही चांगलंच झालं. पण फुलांना जे लागतं, थोडा पाऊस, थोडं ऊन, परत थोडा पाऊस, ते नेमकं गोधडीच्या विरोधात जातं. ज्या हवेला लोक ‘क्या मौसम है’ म्हणतात त्या हवेत आजीनं चार-चार वेळा बांधावर धाव घेतलेली मी पाहिलीय. तेरड्याचा फोटो काढायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. गौरी यायच्या दिवशी ती तेरडा मुळासकट उपटून पदराखाली धरून घरात आणायची, हळदीकुंकू वाहायची, आणि तीच गौर.

भाताचं तर निराळंच. ते या दिवसांत निसवलेलं असतं, कणसं बाहेर आलेली. अशा वेळी हत्तीनं लोळवलं की संपलं. त्यातून वाचलं तर रात्री गवे येतात. मामा पत्र्याचा डबा बडवत माळ्यावर जागायचा. आता त्यानं भात कमी करून स्ट्रॉबेरी लावलीय. तिचंही गणित पुन्हा याच महिन्याशी: गादीवाफे तयार, मल्चिंगचा कागद आणलेला, रोपं सावलीत ठेवलेली, आणि वर पाऊस. हवामान खात्यानं २०२० साली मान्सून परतण्याच्या तारखा बदलल्या. राजस्थानातनं तो १ सप्टेंबरला निघतो असं आधी धरत, आता १७ धरतात. पेपरातलं हे मी मामाला मुद्दाम वाचून दाखवलं. मामा म्हणाला, “त्यास्नी आत्ता कळलं व्हय? तुज्या आजीला ठावं व्हतं की.”

‘पडेल हत्ती तर पडतील भिंती’ असं आजोबा म्हणायचे तेव्हा आम्ही हसायचो, कारण त्यात यमक होतं. भिंती मातीच्या होत्या, चार महिने पाणी प्यालेल्या, आणि शेवटचा जोराचा पाऊस खरंच एखादी पाडायचा. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं रात्रीत डोंगर घरांवर आले, माणसं झोपेत गेली. ती गावं आमच्यापासून लांब आहेत, पण डोंगर तोच आहे. आजोळचं घर आता विटांचं आहे, वर स्लॅब आहे. तरीही पाऊस रात्रभर लागला की मामी जागी असते. सकाळी घरामागच्या उताराला नवी भेग पडलीय का ते बघून येते आणि मग चहा टाकते. गोधड्यांचं विचारलं तर म्हणते, वॉशिंग मशीन आहे की आता. वाळवायचं काय करता, हे मी विचारत नाही.

काल मामाला फोन केला. रोपं अजून सावलीतच आहेत. म्हटलं, पाऊस थांबायचं काही चिन्ह?

“थांबंल की,” मामा म्हणाला, आणि आमच्याकडं ऊन आहे का ते विचारलं. आहे म्हटल्यावर थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “बरं हाय तुमचं.”