जुन्या स्लाइडची जागा शोधताना

तीस-चाळीस वर्षांनी उष्ण कटिबंधातल्या एखाद्या देशात परत जाऊन तीच दृश्यं टिपायची असतील, तर आधी जुनी स्लाइड (पारदर्शक फिल्मवरचा फोटो) सुलटी स्कॅन झाली आहे ना ते बघा. चकचकीत बाजूने पाहिल्यावर फिल्मच्या कडेची अक्षरं सरळ वाचता यायला हवीत. नाहीतर भर उन्हात रस्त्याच्या भलत्याच बाजूला फोटोतला मनोरा शोधत फिराल.

जागा पायांनी जुळते, लेन्सने नाही. फोटोतली एक जवळची आणि एक लांबची वस्तू धरा. समजा, जुन्या फोटोत खांब मागच्या खिडकीची डावी कड झाकतोय आणि आता खांब खिडकीपासून सुटून डावीकडे दिसतोय. मग तुम्ही डावीकडे सरका. खांब उजवीकडे येत जाईल आणि कड पुन्हा झाकेल. उंचीचंही असंच. वरून बघायच्या व्ह्यूफाइंडरचे जुने कॅमेरे पोटाशी धरायचे, त्यामुळे तिथे गुडघे वाकवावेच लागतात. झाडांवर मात्र भिस्त ठेवू नका. माडाचा बुंधा जागचा हलत नाही, पण शेंडा कुठल्या कुठे गेलेला असतो.

जागा सापडली की 50 मिमी लेन्सने घेतलेल्या जुन्या 35 मिमी फिल्मच्या फ्रेमसाठी एपीएस-सी (त्या फिल्मपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण 33 मिमी लेन्स लागेल. थोडं रुंदच घ्या, कातरता येतं.

सावल्या जुळवणं सगळ्यात चिवट काम. 10 अंश उत्तर अक्षांशावर सूर्य एप्रिलच्या मध्याला आणि ऑगस्टअखेरीस डोक्यावर येतो. मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला. म्हणजे जानेवारीतल्या दुपारचा फोटो जूनमध्ये जुळणारच नाही, कितीही वेळ उभे राहा. संध्याकाळही फसवी. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे क्षितिजावरचे शेवटचे सहा अंश जेमतेम 24 मिनिटांत संपतात. ट्रायपॉड आधीच लावून ठेवा.

आणि दमटपणा. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 26 अंशांपेक्षा गार वस्तूवर दव धरतं. एसी खोलीतला कॅमेरा 22 अंशांवर असतो, म्हणजे काच धुरकटणारच. निघण्याआधी तो झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका. काच पुसून उपयोग नाही, लगेच पुन्हा धरते. अशा वेळी लेन्स बदललीत, तर तेच दव आत सेन्सरच्या काचेवर बसतं.