तलश्शेरीचे गुंडर्ट

मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली की कोकण, कारवार, मंगळूर मागे टाकत गाडी उत्तर केरळात तलश्शेरीला थांबते. इथे येणारे बहुतेक लोक १७०८ सालचा किल्ला बघतात, बिर्याणी खातात आणि पुढे जातात. मी मात्र आले होते हर्मन गुंडर्ट यांच्यासाठी. या जर्मन माणसाने मल्याळम भाषेला कोश दिला, व्याकरण दिलं, आणि गावाने स्टेडियमजवळ त्याचा पुतळा उभारला. रिक्षात बसून ‘गुंडर्ट बंगला’ म्हटलं, तेवढं पुरलं. कोशकाराच्या नावावर रिक्षा निघते, याचा मला फार आनंद झाला.

बंगला गावाबाहेर, इल्लिक्कुन्न टेकडीवर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. श्टुटगार्टला १८१४ साली जन्मलेले आणि ट्युबिंगेनला शिकलेले गुंडर्ट १८३६ मध्ये मद्रासला उतरले. ज्यूली द्युब्वाशी लग्न झाल्यावर ते बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रचार संस्थेत दाखल झाले आणि १८३९ मध्ये या बंगल्यात राहायला आले. (आपल्या कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं याच मिशनच्या कारखान्यातून प्रसिद्ध झाली, पण तो कारखाना गुंडर्ट परतल्यानंतरचा, १८६५ चा.)

याच टेकडीवर १८४७ च्या जूनमध्ये ‘राज्यसमाचारम्’ हे मल्याळममधलं पहिलं वर्तमानपत्र शिळाप्रेसवर छापलं गेलं. त्यात धर्मप्रचाराचाच मजकूर असे. काही महिन्यांतच ‘पश्चिमोदयम्’ निघालं आणि त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान आलं. गुंडर्ट धर्मांतरासाठी आलेले मिशनरी होते, हे विसरून त्यांच्याकडे बघता येत नाही. पण भाषा शिकायला लागल्यावर ते प्रचाराच्या गरजेपुरतं शिकून थांबले नाहीत. त्यांनी म्हणी गोळा केल्या, जुन्या पोथ्या मिळवल्या, नकलून घेतल्या. व्याकरण १८५१ मध्ये आलं. प्रकृती ढासळल्यामुळे १८५९ मध्ये मायदेशी परतावं लागलं, तरी काल्व गावी बसून त्यांनी कोशाचं काम चालूच ठेवलं. हजाराहून अधिक पानांचा तो मल्याळम-इंग्रजी कोश १८७२ मध्ये मंगळूरला छापून झाला. आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं जे स्थान, तेच तिकडे या कोशाचं. शब्द कुठल्या ग्रंथात आला, तमिळ-कन्नडमध्ये त्याचे भाऊबंद कोण, हे तो सांगतो. पंडितांच्या शब्दांबरोबर बाजारातले आणि शेतातले शब्दही त्यात आहेत. म्हणूनच तो अजून उघडला जातो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. गुंडर्टांना मल्याळम आणि संस्कृत शिकवणारे ऊराच्चेरी गुरुनाथन बंधू जवळच्याच चोक्लीचे. ते तिय्या समाजातले विद्वान होते. शिष्याचं नाव रिक्षावाल्याच्या ओठी आहे, गुरूंचं नाव मात्र केरळाबाहेर जवळजवळ कोणाला माहीत नाही. कोशाचा मान या दोन्ही घरांचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

गुंडर्टांची मुलगी मारी १८४२ मध्ये तलश्शेरीतच जन्मली. तिचा मुलगा म्हणजे कादंबरीकार हेर्मान हेसे, १९४६ चा नोबेल मानकरी. आजोबा १८९३ मध्ये वारले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आजोबांची भारतीय ग्रंथांनी भरलेली खोली त्याने लहानपणी मनसोक्त पाहिली होती.

गुंडर्टांचे कागद ट्युबिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि तिथे जवळपास शतकभर पडून राहिले. केरळात हरवली असं मानलेली ‘पय्यन्नूर पाट्टु’ ही जुनी रचना त्याच संग्रहात अभ्यासक स्करिया सकरिया यांच्या हाती लागली. आता त्या संग्रहातली हजारो पानं विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहेत. तलश्शेरीला जाणार असाल तर आधी ती जरूर चाळा आणि तिथे पोचल्यावर चोक्लीसाठीही वेळ काढा.